गाडीची ओटी

“नऊचा आठ झाला! आता आठचा सात! फिरतंय, फिरतंय!”

व्हॅनच्या खिडकीत डोकं घालून एकजण बोंबलला, आणि शेडखालची दोनेकशे माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढं सरकली. हलगी कानठळ्या बसवत होती. मधोमध जुनी पांढरी व्हॅन उभी. इंजिन बंद. किल्ली बाबांच्या मुठीत. स्पीडचा काटा शून्याला चिकटलेला. आणि तरीही डॅशबोर्डावरचे किलोमीटरचे आकडे आपोआप उलटे सरकत होते. गाडीचं वय उतरत होतं म्हणे!

गोष्ट २००२ सालची. शिरूरहून चौफुल्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला हौशीराम शेठचा जुन्या गाड्यांचा बाजार होता, आणि दर मंगळवारी सकाळी तिथं गतीनाथ बाबा गाड्या तरुण करून देत. हसू नका. म्हाताऱ्याला तरुण करतो म्हणणाऱ्याला याच लोकांनी जोड्यानं हाणलं असतं. पण गाडी म्हटल्यावर कंपनीत आठ-आठ तास मशीन चालवणारी माणसंही तिथं हात जोडून उभी राहत.

“किलोमीटर म्हंजी काय?” बाबा डोळे फिरवत गर्जले. “किलोमीटर म्हंजी गाडीचं पाप! जेवढी पळाली तेवढं पाप चढलं. काय म्हंता, सर्व्हिस बुकाची पानं न्हाईत? अरं येड्यांनो, पापाची वही कशाला जपता? पान फाटलं, पाप फिटलं!”

“पाप फिटलं!” लोक ओरडले.

व्हॅनला चारी बाजूंनी हिरवी साडी नेसवली होती, चाकं झाकून थेट जमिनीपर्यंत. बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ. गाडीची ओटीच भरली होती. “लक्ष्मी हाय ती,” बाबा दटावत, “तिला उघडी ठिवता व्हय?” त्यामुळं साडीखाली डोकावायची कुणाची छाती नव्हती.

गर्दीत सुलक्षणा उभी होती, काखेत पितळी कळशी घेऊन. ती हिरवी साडी तिनं लांबूनच ओळखली. तिच्या सासूच्या, अनसाबाईच्या लग्नातली होती ती. दीड वर्षापूर्वी याच शेडमध्ये सत्यजीतच्या गाडीची ओटी भरली, तेव्हा सासूनं कौतुकानं ट्रंकेतून काढून दिली होती. तेव्हापासून प्रत्येक गाडीला तीच नेसवत होते, मेले!

सत्यजीत तिचा नवरा. रांजणगावच्या शिफ्टची माणसं न्यायला-आणायला म्हणून त्यानं हौशीराम शेठकडून आठ वर्षांची डिझेल गाडी घेतली होती. सर्व्हिस बुकाची मधली पानं नव्हती, पण मीटर एकेचाळीस हजार दाखवत होतं आणि बाबांचा हात फिरला होता. पाच महिन्यांनी न्हावऱ्याजवळ चालत्या गाडीचं इंजिन एकाएकी बंद पडलं, आणि मागून उसाचा ट्रक आला. गाडीतले तिघं वाचले. सत्यजीत वाचला नाही.

दहाव्याला बाबा स्वतः घरी आले. दारातच उभं राहून, चारचौघांच्या देखत म्हणाले, “गाडी शुद्ध व्हती. बाटली ती हिच्यामुळं. अडचणीच्या दिवसांत पुढच्या सीटवर बसली का न्हाई, इचारा तिला.”

बसली होती. दवाखान्यात जायचं होतं, म्हणून बसली होती. गावाला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून अनसाबाईनं सुनेच्या हातचं पाणी सोडलं. सुनेचं पाप फिटावं म्हणून म्हातारी दर मंगळवारी बाबांकडं जायला लागली. नळावर बाया कुजबुजत, “हिनंच खाल्ला नवऱ्याला.” नवरा गेला तो गेला, वर खुनाचा आळ! सुलक्षणानं डोळे पुसले आणि मनात एकच गोष्ट धरली. हा आळ ज्याचा आहे त्याच्या माथी, ह्याच लोकांसमोर मारायचा.

तिनं रांजणगावला एका कंपनीत मालाच्या तपासणीची नोकरी धरली. तिथं प्रत्येक नगाला चिठ्ठी लागायची, कधी बनला, कुणी तपासला. चिठ्ठी नसली की माल बाजूला, मग तो कितीही चकचकीत असो. सात-आठ महिने चिठ्ठ्या वाचून वाचून तिची नजर तयार झाली, आणि एका सुट्टीच्या दिवशी ती दौंडला इलाही मामांच्या गॅरेजात गेली. सत्यजीतच्या गाडीचा सांगाडा तिथंच पडून होता.

“मामा, हिची चिठ्ठी हुडकायचीय मला.”

इलाही मामांनी चष्मा पुसला आणि तिला ब्रेकचं पायडल दाखवलं. “हे रबर बघ पोरी. झिजून खालचं लोखंड दिसायला लागलंय. एकेचाळीस हजारात असं व्हत न्हाई. ही लाखाच्या वर पळालेली गाडी हाय.” मग त्यांनी खणातून एक काळा, दातेरी, तुटका पट्टा काढून तिच्या हातात ठेवला. “हा टायमिंग बेल्ट. ठरल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. न्हाई बदलला तर तुटतो, आन् इंजिन जागच्या जागी खलास. सत्यजीत आलता माझ्याकडं, बेल्टचं इचारायला. मी मीटर बघितलं आन् म्हटलं, अजून लई टाइम हाय.” मामांनी चष्मा काढला. “मीबी त्या आकड्यावरच गेलो गं.”

तिनं पट्टा उलटसुलट करून बघितला. मग सुलक्षणानं विचारलं, “पर बंद गाडीत आकडा उलटा फिरतो कसा?”

मामांनी गाडीखाली हात घालून एक लांब केबल ओढून काढली. “ही तार गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत जाती. चाक फिरलं की तार फिरती, तार फिरली की आकडा फिरतो. तार उलटी फिरवली तर आकडा उलटा. काट्याला शून्याच्या मागं जायला जागाच न्हाई, म्हणून तो गप बसून ऱ्हातो.” त्यांनी ड्रिल मशीन तारेच्या टोकाला बसवलं, उलटं चालवलं, आणि त्या मोडक्या गाडीच्या मीटरवर तोच चमत्कार सुरू झाला. बाबा नाही, हलगी नाही, ओटी नाही. “लोकांम्होरं पन्नासेक किलोमीटर असे उतरवायचे. उरलेले हजारानं, गाडी एकवीस दिवस मुक्कामाला ठिवून घेत्यात नव्हं, तवा मीटर खोलून हातानं.”

“पर मग गाडीखाली माणूस लागंल.”

“लागंलच की. त्या शेडात पूर्वी गॅरेज व्हतं. गाडीखाली उतरायचा खड्डा हाय तिथं, मी सोता काम केलंय त्यात.”

सुलक्षणा पट्टा बोटांभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “त्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतलं तर?”

मामा दचकले. “ड्रिलला करंट अस्तो बाई! माणूस मरंल.”

“म्हणून तर इचारलं,” ती म्हणाली.

आठच दिवसांनी ती कळशी घेऊन शेडमध्ये उभी होती. मामाही आले होते, मागं खांबाला टेकून. आजची व्हॅन पोपटराव घेणार होते. माजी सरपंच, मनानं भला माणूस. गावातल्या अकरा मुली शाळेसाठी रोज पायपीट करतात, त्यांना गाडी पाहिजे म्हणून त्यांनी पुढाकार घेतला होता. त्या अकरांत सुलक्षणाची लेक होती. तिनं सकाळीच त्यांना गाठून सांगितलं होतं, “आप्पा, हिच्या ब्रेकच्या पायडलचं रबर तेवढं बघा.” आप्पा म्हणाले होते, “पोरी, तू ह्यात पडू नगंस. तुझ्या पायगुणानं आधीच...” आणि पुढचं गिळून टाकलं होतं.

आता ती गर्दी बाजूला सारत थेट पुढं गेली.

“बाबा, हौशीराम शेठ दिसत न्हाईत कुठं?”

“शेठ मौनात हाय. पाप उतरंस्तवर मालकानं तोंड दाखवायचं नस्तं.”

“आन् आकडे कोण फिरवतं?”

“भूमाता!” बाबांनी पाय आपटला. “हितं, ह्या जाग्यावर, तिची शक्ती हाय!”

“मग गाडी पाच पावलं पुढं घ्या की. भूमाता तितंबी असंलच.”

गर्दीत कुजबुज झाली. एक-दोघं हसलेसुद्धा. बाबांचा चेहरा क्षणभर पडला आणि मग ते किंचाळले, “बघा, कोण बोलतंय बघा! नवरा खाल्लेली! आता अकरा पोरी खायला आली!”

हलगी थांबली नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या अनसाबाईनं पदर तोंडावर ओढला. सुलक्षणाच्या अंगाची लाही लाही झाली, पण तिनं मान खाली घातली.

“चुकलं बाबा. गाडीच्या पाया पडते, भूमातेला तीर्थ वाहते, मग तर झालं?”

“वाक!” बाबा खूश झाले. “वाक, वाक. वाकल्याबिगर सुटका न्हाई!”

ती वाकली. सगळ्यांना वाटलं, नमस्कार. तिनं साडीचा काठ उचलला आणि आत बघितलं. खड्ड्यात एक बल्ब जळत होता. पांढरा सफारी घातलेला एक जाडजूड माणूस वर हात करून, गिअरबॉक्सच्या खाली ड्रिल धरून बसला होता. त्यानं वर पाहिलं. हौशीराम शेठ! दोघांची नजरानजर झाली आणि सुलक्षणानं कळशी उपडी केली.

काळंकुट्ट, घट्ट, जळकं ऑइल. सत्यजीतच्याच गाडीच्या इंजिनातून मामांनी काढून दिलेलं.

“आई गंऽ! डोळं! मेलो! मेलो!”

भूमातेच्या पोटातून पुरुषाचा आवाज आला, आणि हलगीवाल्याचा हात वरच राहिला. खिडकीतला माणूस ओरडला, “थांबलं! सहा आन् पाचच्या मधीच अडकलं!”

पोपटराव दोन ढांगांत पुढं आले. “हँडब्रेक काढा. ढकला गाडी!” दहा जणांनी व्हॅन पुढं ढकलली, साडी चाकात अडकून टरकन फाटली, आणि खड्डा उघडा पडला. पापं धुणारा शेठ आत बसला होता, डोक्यापासून पोटापर्यंत काळा, हातात ड्रिल.

“माया हाय ही! माया!” म्हणत बाबा मागच्या मागं सटकायला निघाले. बायांनी त्यांना तिथंच घेरलं. त्यातल्या एकीनं चप्पल काढली, तसे बाबा मुकाट खाली बसले.

इलाही मामा खड्ड्यातलं ड्रिल मागून घेऊन व्हॅनखाली शिरले. तार पुन्हा जोडली. “आप्पा, दाबा हे बटण. आता तुमीच महाराज.” पोपटरावांनी बटण दाबलं. आकडे उलटे पळाले. मामांनी दिशा बदलून दिली, पुन्हा दाबलं. आकडे सुलटे पळाले. पोपटरावांनी बटण सोडलं. मग व्हॅनचं दार उघडून त्यांनी स्वतः पायडल बघितलं. रबर झिजून लोखंड चकाकत होतं.

“अकरा पोरी बसवणार व्हतो मी हिच्यात,” ते एवढंच म्हणाले.

सुलक्षणानं कमरेला खोचलेला तुटका पट्टा काढून वर धरला.

“ह्यो पट्टा तुटला म्हणून माझा नवरा मेला. कवा बदलायचा ते पुस्तकात लिवलं व्हतं, ती पानं ह्यानं फाडली. मीटर खोटं बोललं, म्हणून मामाबी फसले. माझ्या बसण्यानं पट्टा तुटत न्हाई. बाबाच्या मंत्रानं जुळतबी न्हाई. कॅलेंडरची पानं मागं उलटली तर म्हातारी माणसं पोरं होत्यात का? मग आकडा उतरल्यावर गाडी तरणी कशी झाली, येवढं एकानं तरी इचारायचं! दीड वर्स ह्याच्या पाया पडायला वाकताय. एकदा, फक्त एकदा गाडीखाली बघायला वाकला असता तर माझं घर उठलं नस्तं. पानं फाटलेली दिसली की फाडणाऱ्याला जाब इचारा. मेस्त्रीला दाखवा, रबर बघा, मालकाला हुडका. आन् कुणी खाली बघू देत न्हाई, तर समजा, खाली कायतरी हाय.”

नळावरच्या दोघी-तिघी खालच्या मानेनं उभ्या होत्या, आणि सुलक्षणानं एकेकीकडं डोळे रोखून बघून घेतलं. सोडलं नाही कुणाला.

तेवढ्यात अनसाबाई उठली. खड्ड्याच्या काठाशी आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि आत पुष्कळ वेळ बघत राहिली. बल्ब, वायर, स्टूल, पाण्याची बाटली, तंबाखूची पुडी. भूमाता म्हणून ज्याला ती वर्षभर नारळ वाहत होती, तो शेठ आत खोकत होता. तिनं चाकाखालची आपली फाटकी साडी हिसकून ओढली आणि छातीशी गोळा केली.

“पाणी द्या कुणीतरी,” हौशीराम शेठ डोळे चोळत रडकुंडीला आला होता. “लई आग हुतीय. पाणी द्या!”

सुलक्षणा काठावर आली.

“पाणीच आणणार व्हते, शेठ. आठ दिवस डोक्यात दुसरं कायबी नव्हतं. आज सकाळी कळशी पाण्यानं भरलीबी व्हती. तुमच्या हातात करंट अस्तो, मला ठाऊक व्हतं.”

हौशीरामचे हात डोळ्यांवरच थांबले.

“मग दारात ओतून दिलं. माझ्या हातून माणूस मरत न्हाई. ते काम तुमचं.”

पोपटरावांनी एकाला मोटरसायकलवर पोलिसांकडं पिटाळलं. दुसऱ्यानं बादली आणली आणि ड्रिलची वायर उपटून मगच ती खड्ड्यात सोडली.

अनसाबाई सुनेच्या जवळ आली.

“सुले, घरी चल. घसा कोरडा पडलाय माजा. तुज्या हातचं पाणी दे मला.”

सुलक्षणानं रिकामी कळशी खाली ठेवली. सासूच्या हातातली साडी आपल्या हातात घेतली.

“देते आत्याबाई. पर थोडं थांबा, आधी पोलीस येऊ द्या. ह्या दोघांना गाडीत बसवताना बघायचंय मला.”