हरिश्चंद्राची सुई

आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव हरिश्चंद्र पाटलानं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. खोटं बोलायचं नाही आणि नियम मोडायचा नाही, मग समोर कुणीही असो. बायको होती तोवर ती त्यांच्या खारी गावभर सांगायची, या माणसाबरोबर संसार म्हणजे रोज कोर्टात उभं राहणं. बायको गेली, मुलगी लग्न होऊन विरारला गेली, आणि हरिश्चंद्राचे नियम ऐकायला उरलं कोण, तर सुधारगृहाचे दोन दरवाजे.

महिलांचं हे सुधारगृह खारीच्या पलीकडे मिठागरांच्या कडेला होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदरात तेव्हा रोज एक बिल्डिंग उठत होती आणि रोज एक टँकर कमी पडत होता, पण या बाजूला अजून मोकळं होतं. उंच भिंत, आत कैदी बायका, आणि भिंतीला एकामागे एक दोन लोखंडी दरवाजे. बाहेरचा उघडा असला की आतला बंद, आतला उघडला की बाहेरचा बंद. दोन्ही एकदम कधीच उघडायचे नाहीत. मधे खोलीएवढी जागा, वर पत्रा, बाजूला खाडीचा वारा यायला एक जाळी. तिथला पहारेकरी, तिथला राजा हरिश्चंद्र. जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबाला त्यानं ओळखपत्र नाही म्हणून बाहेर उन्हात उभं केलं होतं, आणि साहेब जाताना त्यालाच शाबासकी देऊन गेले. तेव्हापासून तर विचारूच नका.

पण दुपार झाली की हा राजा मऊ व्हायचा. बदली शिपायाकडे किल्ल्या देऊन तो आतल्या अंगणात जायचा. तिथं करंजाच्या झाडाखाली कर्मचाऱ्यांची पंगत बसायची, आणि पंगतीची मालकीण होती हौसाबाई. पालीची कोळीण, बराकीवरची सगळ्यांत जुनी रक्षक, वर कर्मचारी संघटनेची अध्यक्ष. हरिश्चंद्राच्या डब्यात बायको गेल्यापासून कोरडी भाकरी आणि ठेचा. हौसाबाई काही न विचारता आपल्या डब्याच्या झाकणात कालवण ओतायची आणि त्याच्यापुढे सरकवायची. "घे दादूस."

तो एक घास खायचा आणि रोज तेच बोलायचा. "मीठ कमी हाय."

"मिठागरात जलमलास तू," ती रोज चिडायची. "तुला दर्या पन आळणी लागंल."

सगळे हसायचे आणि मग जेवण सुरू व्हायचं. हेडक्लार्क जयकुमार शाह जैन होता. तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायचा, मासळीचा वास येणार नाही इतका लांब आणि गप्पा ऐकू येतील इतका जवळ. हरिश्चंद्राच्या अख्ख्या दिवसात माणसांत बसण्याची वेळ काय ती एवढीच. घरी गेल्यावर भिंती आणि रेडिओ.

सगळं असं सुरळीत चाललेलं, आणि माशी शिंकली. बराकीत एका बाईच्या उशाखाली मशेरीची डबी सापडली. आत तंबाखूला बंदी; मग मशेरी आली कुठून? वरून हुकूम आला की आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची तपासणी करावी, कर्मचाऱ्यांच्या डब्यांचीसुद्धा. कशी करावी ते हुकमात नव्हतं. दुसरा कुणी असता तर झाकण उघडून डोकावला असता आणि 'जा' म्हणाला असता. पण आमचा हरिश्चंद्र. त्यानं विचार केला, डबी काय कुणी वर ठेवून आणेल? ती भाताच्या पोटात असणार. कैदी बायका स्वेटर विणायच्या त्या विभागातून त्यानं एक लांब लोखंडी सुई मागून आणली, पुसायला एक फडकं घेतलं आणि सोमवारी सकाळी स्टूल टाकून बसला.

पहिला डबा हौसाबाईचा आला. बोंबलाचं कालवण आणि भात.

"दादूस, माज्या डब्यात?"

"नियम हाय, हौसा."

"म्हंजे मी आनली मशेरी?"

"तसा कुठं बोललो? सगल्यांचाच बगतोय."

आणि त्यानं सुई खुपसली, तळापर्यंत, चार बाजूंनी. हौसाबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा बंद केला आणि ती आत गेली.

मागे जयकुमार उभा होता. सुई फडक्याला पुसली गेली आणि त्याच्या मुगाच्या उसळीत शिरली. जयकुमारनं डबा बघितला, फडकं बघितलं, परत बाहेर गेला आणि सगळी उसळ गायीपुढे ओतून आला. जैन माणूस उपासाला भीत नाही, पण उपास आपण धरायचा असतो; असा सुईनं लादलेला कोण सोसेल?

दुपारी हरिश्चंद्र भाकरी घेऊन अंगणात गेला. कुणी त्याला काही बोललं नाही. फक्त जो तो असा ऐसपैस बसला होता की करंजाखाली जागाच नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला, मग परत फिरला आणि दोन दरवाज्यांच्या मधे स्टुलावर बसून ठेचाभाकरी खाल्ली. वाईट वाटलं त्याला. खोटं कशाला बोला, फारच वाईट वाटलं. पण आपण चुकलो असं काही त्याला वाटेना, आणि हुकूम तर मोडायचा नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. बदली शिपाई विचारायचा, आत जात नाय काय? हा म्हणायचा, इथं वारा चांगला येतोय.

संघटना गप्प बसणारी नव्हती. अधीक्षक होत्या सुचेता गुप्ते. दादरहून नुकत्याच भाईंदरला फ्लॅट घेऊन आलेल्या, कडक पण सरळ बाई. दर महिन्याला त्या संघटनेशी बैठक घ्यायच्या. या वेळी बैठकीत हौसाबाईनं सुई काढा म्हणून टेबलावर हात आपटला.

"सुई मी सांगितलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तपासणी बंद करता येणार नाही. वरचा हुकूम आहे. आणि थोडी गैरसोय सगळ्यांनीच सोसायला हवी."

"सगळ्यांनीच, मॅडम?" जयकुमार हळूच म्हणाला. त्याचं मराठी गुजरातीच्या चालीवर चालायचं. "तुमचा डबा तर गाडीतून सीधा केबिनमंदी जाते ने."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मंगळवारपासून माझाही डबा गेटवर तपासला जाईल. सगळ्यांसारखा."

मंगळवारी संकष्टी होती, म्हणजे अंगारकीच. मॅडम चतुर्थी कडक पाळायच्या, हे अख्ख्या सुधारगृहाला ठाऊक होतं. त्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी. आणि एरवी पहिल्या एसटीनं येणारी हौसाबाई नेमकी त्या दिवशी उशिरा आली, मॅडमच्या गाडीच्या बरोब्बर पुढे. डब्यात सुका जवला, कांद्यावर परतलेला, कालवणही नाही. मुद्दाम की योगायोग, हे विचारलं की हौसाबाई पदरानं कपाळ पुसते आणि विषय बदलते.

हरिश्चंद्रानं जवल्यात सुई घातली, फिरवली, फडक्याला पुसली. मग मॅडमचा शिपाई डबा घेऊन आला आणि हरिश्चंद्राचा हात थबकला. संकष्टी आहे, हे त्यालाही माहीत होतं. पाठीमागे आतल्या दरवाज्याच्या झरोक्यातून हौसाबाई, जयकुमार आणि आणखी चारसहा डोळे बघत होते. मॅडमचा डबा सोडला तर नियम कसला? आणि सोडला नाही तर नोकरी राहील का? त्यानं सुई फडक्याला पुन्हा एकदा पुसली. आता ते फडकं म्हणजे आठवडाभराच्या मासळीचं माहेरघर. तिथं पुसून सुई सोवळी व्हायची म्हणजे गटारात आंघोळ करून देवळात जायचं. पण पुसली, आणि खुपसली.

दुपारी केबिनमधून बोलावणं आलं. हरिश्चंद्रानं टोपी नीट केली, किल्ल्या दिल्या आणि मनात म्हटलं, आज आपण घरी बसलो. केबिनमध्ये हौसाबाई आणि जयकुमारलाही बोलावलेलं होतं. टेबलावर डबा उघडा होता. पांढऱ्याशुभ्र खिचडीवर, दाण्याच्या कुटाच्या शेजारी, एक छोटासा गुलाबी जवला मिशांसकट पहुडला होता.

"हरिश्चंद्र, हे काय आहे?"

"जवला हाय, मॅडम."

"ते दिसतंय मला."

"तपासनी केली, मॅडम. मशेरी न्हाय त्याच्यात."

जयकुमारनं तोंडावर रुमाल धरला. हौसाबाई भिंतीवरच्या कॅलेंडराकडे एकटक बघायला लागली. मॅडमनी रागवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला, पण जवल्याकडे परत नजर गेली आणि त्यांनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांनी डबा बाजूला सारला.

"शाहभाई, तुमचं हे रोज होतंय?"

"रोज, मॅडम. गाय आता मला ओळखते."

"मग आपण आत्ताच बसू आणि हे संपवू," मॅडम म्हणाल्या. "मी चंद्रोदयापर्यंत उपाशीच आहे, मला वेळच वेळ आहे."

जयकुमारनं बाहेर माणूस धाडून मॅडमसाठी केळी मागवली, आणि वाद सुरू झाला. मॅडमचं म्हणणं एकच: न तपासलेला डबा आतल्या दरवाज्यातून जाणार नाही, मग तो कुणाचाही असो. हौसाबाई म्हणाली, मग आम्ही बाहेर जाऊन जेवू. मॅडम म्हणाल्या, कामाच्या वेळात बाहेरचा दरवाजा ओलांडता येत नाही, आणि आत काही झालं तर तुम्ही रस्त्यावर कशा? जयकुमार म्हणाला, ज्याची त्याची वेगळी सुई ठेवा. मॅडम म्हणाल्या, तीस सुया घेऊन हरिश्चंद्र बसला तर संध्याकाळी दरवाजा उघडेल. घोडं तिथंच अडलं. आत म्हटलं की सुई, बाहेर म्हटलं की नियम. एक केळं संपलं, दुसरं संपलं.

शेवटी मॅडम दाराशी उभ्या असलेल्या हरिश्चंद्राकडे वळल्या. "तुम्ही बोला. सुई तुमच्या हातात आहे. तुम्हाला काय वाटतं?"

हरिश्चंद्राला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याकडे तोडगा नव्हता. त्याच्याकडे जे होतं तेच बाहेर पडलं.

"मना काय वाटनार, मॅडम. सुई मीच आनली, हुकमात नव्हती. मना वाटला, काम नीट करतोय. हे सगले निदान एकत्र जेवतात तरी. मी कुठं जेवतो, हे कुनी बगतं काय? ना आत, ना भाईर. दोन दरवाज्यांच्या मधी स्टुलावर बसतो एकटा. भाकरी घशाखाली उतरत न्हाय." आणि सांगून झाल्यावर तो लाजला, आणि टोपी काढून उगाच झटकायला लागला.

मॅडमच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"दोन दरवाज्यांच्या मधे," त्या म्हणाल्या. "अहो, म्हणजे आतही नाही आणि बाहेरही नाही. डबा तिथंच राहिला तर आतला दरवाजा ओलांडतच नाही. मग तपासायचं काय?"

जयकुमार उठून उभाच राहिला. कागद ओढून तिथंच लिहायला बसला: डबे मधल्या जागेत फळीवर राहतील, कर्मचारी तिथंच पाळीपाळीनं जेवतील, आणि आत रिकाम्या हातांनी जातील. मॅडमनी सही केली, संघटनेनं केली. हौसाबाईनं सही करताना मान वर केली नाही. मॅडमच्या कानावर तोडगा पडला होता. हौसाबाईच्या कानावर मात्र स्टुलावरची एकटी भाकरी पडली होती.

मशेरीचं म्हणाल तर ती पुढे महिन्याभरात उलगडली. एक कैदी बाई कोर्टाच्या तारखेहून परत येताना अंबाड्यात लपवून आणायची. म्हणजे ज्या डोक्यात बघायला हवं होतं ते सोडून आमच्या लोकांनी भातात सुया खुपसल्या.

दोन दिवसांत फळी ठोकली गेली. बसायला सुतारशेडमधून दोन बाकं आली. हरिश्चंद्रानं सुई विणकाम विभागात परत केली, फडकं जाळून टाकलं, आणि फरशी पाणी मारून इतकी धुतली की टँकरवाल्यानं विचारलं, लग्न हाय काय? जाळीजवळचं बाक त्यानं जयकुमारसाठी सोडलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाचं.

दुपारी पहिली पाळी आली. हरिश्चंद्रानं आतला दरवाजा उघडला, सगळ्यांना घेतलं, आणि दरवाजा बंद केला. माणसं बसली, डबे उघडले. तो आपली भाकरी घेऊन बाहेरच्या दरवाज्याशी स्टुलावर बसला, त्यांच्याकडे पाठ करून. जागा त्याची होती, पण पंगत त्यांची, आणि न बोलावता बसायचं नाही हाही एक नियमच होता त्याचा.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. हौसाबाई स्वतः उठून आली होती. तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला, अख्खा, झाकण उघडून. आंबट घातलेलं बोंबलाचं कालवण होतं.

"तपास," ती म्हणाली.

"सुई दिली परत."

"हात हायेत ना? तपास, दादूस."

हरिश्चंद्रानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात तळापर्यंत बुडवला आणि तोंडात घातला. मागे सगळ्यांचे हात थांबले होते. त्यानं घास चावला, गिळला, आणि तो या वेळी सरळ उतरला.

"काय गावला?" हौसाबाईनं विचारलं.

"मीठ कमी हाय," हरिश्चंद्र म्हणाला.

हौसाबाईनं पदर डोळ्याला लावला, कालवणाचं तिखट डोळ्यात गेलं म्हणाली, आणि परत बाकावर बसून, सरकून त्याच्यासाठी जागा केली.