येताना मोजायचं

लीलाबाईंच्या घराला सहा चाकं होती आणि हीच गोष्ट त्यांच्या मुलाच्या घशाखाली उतरत नव्हती.

घर म्हणजे एक जुनी मिनीबस. सोलापुरात छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी ती विकत घेतली, ओळखीच्या एका शेडमध्ये नेऊन बाकं काढून टाकली आणि आत पलंग, ओटा, पुस्तकांचं कपाट बसवून घेतलं. गाडी चालवायला त्या एकसष्टाव्या वर्षी शिकल्या. गावाबाहेर गाडी उभी करायची, दर रविवारी पोरांना गोळा करून प्रयोग दाखवायचे, महिना-दोन महिने झाले की पुढचं गाव. यंदा जानेवारीपासून गाडी वळसंगच्या शिवारात, धनाजीच्या बांधावरच्या लिंबाखाली उभी होती. धनाजीच्या घरातून एक लांब वायर गाडीपर्यंत ओढली होती आणि विजेच्या बिलात बाई वाटा देत होत्या. दिवे आणि पंखा गाडीच्या बॅटरीवर चालत. बाकी पाच सॉकेट या वायरवर.

गुरुवारी त्या पाचांतले चार मेले.

बाईंना जुना दमा. पलंगाशेजारच्या सॉकेटवर त्यांचं वाफेचं मशीन असे. ते अचानक गप्प झालं, तेव्हा बाईंनी ते उचलून ओट्यापाशी नेलं, कारण तेवढा एकच सॉकेट चालू होता. ओट्याखाली, जमिनीवर बसून त्या वाफ घेत होत्या आणि नेमका त्याच वेळी पुण्याहून आशिषचा फोन आला. त्याला आईचा श्वास ऐकू आला आणि बाकी काही सांगायची गरजच उरली नाही.

"आई, आता पुरे. रविवारी दुपारी बाराला येतो मी. गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय."

"ये की. पलंगाशेजारी मशीन चालू दिसलं, तर जेवून परत जायचं. नाही दिसलं, तर किल्ली तुझ्या हातात देते."

"लांब वायर लावून दाखवायचं नाही. पाचही सॉकेट चालू पाहिजेत."

"पाचही," बाई म्हणाल्या.

बोलून गेल्या. आता बाईंचा शब्द म्हणजे परीक्षेची तारीख. छत्तीस वर्षांत एकदाही पुढे ढकलली नव्हती.

रविवारी सकाळी गावातला वायरमन बसू आला. पन्नास विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हातच्या. त्यानं शुक्रवार-शनिवारीही येऊन चारही मेलेले सॉकेट उघडून पाहिले होते. सगळे स्क्रू घट्ट, कुठं काही जळलेलं नाही. आज त्यानं पलंगाजवळच्या सॉकेटात पुन्हा टेस्टर घातला. टेस्टरच्या मुठीतला तांबडा ठिपका लख्ख पेटला.

"करंट हाय की बाई!"

"मग मशीन का चालत नाही?"

बसूनं मशीन त्याच बोर्डावरच्या जोडीच्या भोकांत घालून बटण दाबलं. मशीन ढिम्म. त्यानं टेस्टर पहिल्या भोकातून काढून शेजारच्या भोकात घातला. तिथंही तांबडा ठिपका.

"आयला! दोनीकडं करंट! डबल आलाय बाई, डबल."

"डबल करंट आणि काम शून्य? असा विद्यार्थी माझ्या वर्गात होता एक," बाई म्हणाल्या.

बसू हसला, पण कपाळावरचा घाम पुसत हसला. मग त्यानं दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. खालच्या दोन भोकांत वायरी धरल्या, बल्ब पेटला नाही. एक वायर तशीच ठेवून दुसरी त्यानं वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगमध्ये घातली. बल्ब क्षणभर पेटला, दाराजवळचा सुरक्षेचा स्विच 'खट्' करून पडला आणि ओट्यापाशी उकळायला ठेवलेली पाण्याची किटलीसुद्धा बंद झाली.

"बगितलं का? पेटला! न्यूट्रल कुटंतरी गेलाय. ती काळी वायर सोडून द्यायची आन् अर्थिंगला जोडायचं. आन् ह्यो दारातला स्विच लई नाजूक हाय, सारखा पडंल, त्याला काडून वायर डायरेक्ट करू. धा मिन्टांत सगळं चालू."

नेमका त्याच वेळी बांधावर गाडीचा हॉर्न वाजला. आशिष बाराऐवजी साडेदहालाच पोचला होता. प्रवासानं चुरगळलेला शर्ट आणि झोप न झालेले डोळे. त्यानं दारातूनच बसूचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तो पायरीवर बसला.

"झालं की मग. जोडू दे त्याला, आई. चालू झालं की मी जेवून जातो. हरलो मी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेला घास होता. दहा मिनिटं, आणि घर त्यांचं राहणार होतं. बसूनं स्क्रू ड्रायव्हर उचललासुद्धा.

बाहेर रविवारची पोरं जमली होती. हापशावर पाय धुऊन ओल्या पायांनीच येऊन ती गाडीला टेकून उभी होती. सात वर्षांची आरोही सगळ्यांत पुढं. दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवून आत डोकावायची तिची रोजची सवय.

"नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, सगळेच करतेत की," बसू म्हणाला.

"करत असतील. बसू, ही गाडी पत्र्याची आहे आणि अर्थिंग या पत्र्याला जोडलेलं आहे. जी वाट अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलीय, तिच्यावरून तू रोजची वाहतूक नेणार. कुठं एक स्क्रू ढिला झाला, की सगळा पत्रा जिवंत. त्या पोरीचे हात बघ कुठं आहेत. आणि तो स्विच नाजूक नाही रे, तो जागा आहे. जाग्या माणसाला मारून झोपवायचं?"

बसूनं आरोहीच्या तळव्यांकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"आई, मी हरलो म्हणतोय ना!" आशिषचा आवाज चढला. "तरी तुझं नाहीच?"

"तू हरून उपयोग नाही. ते नीट चालू व्हायला पाहिजे."

"मग दे किल्ली. बारापर्यंत थांबतो. ठरलं होतं ते ठरलं होतं."

"ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "सावलीत बस. उन्हानं तुझं डोकं दुखतं."

पोरांना त्यांनी लिंबाखाली पिटाळलं आणि स्वतः पलंगावर बसून त्या मेलेल्या सॉकेटकडे बघत राहिल्या. छातीत बारीक शिट्टी वाजत होती. ती आशिषला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

धनाजीची आई केराबाई ताकाची चरवी घेऊन आली. साठीची बाई, उन्हानं रापलेली, हातात काठी. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. संसार घोड्यावर लादून तिनं कोकणापर्यंतची वाट कितीदा तुडवली होती. चाकावरचं घर बघून गावात हसली नाही अशी ती एकटीच.

"काय बिघाडलंय एवढं?" तिनं चरवी ठेवली, बसूच्या हातातला टेस्टर घेऊन उलटासुलटा केला. "ह्यो दिवा काय सांगतोय?"

"करंट सॉकेटापर्यंत पोचलाय म्हणून सांगतो," बाई म्हणाल्या.

"पोचला व्हय. आन् माघारी आला का?"

बसू फिसकन हसला. "करंट म्हंजी काय मेंढरू हाय का मावशी?"

"तुला काय हासायला झालं रं? आमी सकाळी मेंढरं मोजत न्हाय. वाघरीची जाळी उघाडली की भायेर पडत्यातच की ती. सांजच्याला माघारी येताना मोजायची. गेली किती ह्याला कोण इचारतंय? आली किती, ते खरं."

लीलाबाईंनी हळूच डोळे मिटले. फळ्यावर त्यांनी शेकडो वेळा काढलं होतं ते वर्तुळ. एका तारेनं जायचं, दिव्यातून फिरायचं, दुसऱ्या तारेनं परत यायचं. कुठंही तुटलं की सगळंच थांबलं. तीन दिवस त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत बसल्या होत्या आणि तो ठिपका फक्त जाणारी मेंढरं मोजत होता. दुसऱ्या भोकातला ठिपका तर त्याहून स्पष्ट बोलत होता. मशीनमधून फिरून करंट घरी परतायला निघाला होता आणि वाट तुटलेली म्हणून तिथंच दाराशी उभा होता.

"डबल नाही बसू, तो अडकलेला आहे," त्या म्हणाल्या. मग केराबाईकडे वळून अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "आणि एखादं मेंढरू आलं नाही, तर शोधता कुठून?"

"शेवटची गणती जितं बरुबर झाली तितनं. वढ्यापाशी सगळी हुती, म्हंजी वढ्याच्या म्होरंच कुटंतरी हाय. अक्कं रान कोण धुंडाळीत बसतंय?"

बाई उठल्या.

"बसू, चारही मेलेले आपण उघडले. चालू आहे तो उघडला का?"

"चालू हाय त्येला कशाला हात लावायचा?"

"वायर ओट्यावरून पुढं गेलीय. ओट्यापर्यंत गणती बरोबर आहे, पुढं चुकते. म्हणजे आधी ओट्याचाच सॉकेट बघायचा."

बसूनं स्वतःच्याच कपाळावर चापट मारली.

आधी वीज पूर्ण बंद. बाई स्वतः धनाजीच्या ओसरीवर गेल्या, बटण बंद केलं, प्लग उपसून बाजूला ठेवला. "केराबाई, तुम्ही इथंच बसा. मी सांगितल्याशिवाय कुणालाही हे लावू द्यायचं नाही. देव आला तरी नाही."

"बसते की," म्हणत केराबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि प्लग पदराखाली घातला.

गाडीत येऊन बाईंनी ओट्याच्या सॉकेटात टेस्टर आणि बल्ब दोन्ही लावून वीज नसल्याची खात्री केली. मगच झाकणाचे स्क्रू काढले. आशिष उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. आत दोन तांबड्या वायरी एका स्क्रूखाली, दोन काळ्या दुसऱ्या स्क्रूखाली. बाईंनी एकेक वायर बोटानं हलकेच ओढली. तांबडी पहिली, घट्ट. तांबडी दुसरी, घट्ट. काळी पहिली, घट्ट.

दुसरी काळी बोटासोबत बाहेर आली.

तिचं टोक कोळशासारखं झालं होतं आणि शेजारचं प्लास्टिक वितळून वाकलं होतं. गाडीनं इतक्या गावांचे खड्डे खाल्ले होते, त्यात तो स्क्रू कधीतरी ढिला झाला असणार. पुढच्या चारही सॉकेटांची परतीची वाट या एका टोकातून जात होती.

"बाई, आजून आठ दिवस गेले असते तर हितं जाळ झाला असता," बसू हळू आवाजात म्हणाला. "आन् मी ह्यावर अर्थिंग जोडून गेलो असतो."

"आता नाही ना गेलास? हे जळलेलं टोक काप. दोन बोटं मागं ताजी तार काढ. आणि हा वितळलेला सॉकेट काढून टाक, नवा घाल. दोन वायरी एका स्क्रूखाली चेपायच्या नाहीत, दोघींना वेगळी पकड दे."

बसू काम करत गेला. बाई दर जोडणीला म्हणत, "ओढून बघ." तो ओढून बघे. तिसऱ्यांदा आशिषच म्हणाला, "ओढून बघ," आणि बाईंनी न वळताच ओठ दाबून हसू आवरलं.

झाकण बसलं. बारा वाजायला सात मिनिटं होती. आशिष दारात जाऊन ओसरीकडे तोंड करून ओरडला, "लावा हो मावशी!"

"तुमी कोण?" तिकडून आवाज आला.

"मी आशिष! बाईंचा मुलगा!"

"आसाल. बाईंनी सांगू दे."

लिंबाखालची पोरं खिदळली. आशिषनं आईकडे पाहिलं. आई खुर्चीवर बसून शांतपणे ताक पीत होती.

"सांग की," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"लावायला सांग, आई."

मग लीलाबाई उठल्या, दारात उभ्या राहिल्या आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून म्हणाल्या, "केराबाई, लावा!"

दाराजवळचा स्विच वर केला, तो वरच राहिला. बसूनं पाचही सॉकेटांत बल्ब लावला. एक, दोन, तीन, चार, पाच. खालच्या दोन भोकांत, सरळ मार्गानं. पलंगाशेजारचं मशीन घुर्र करून सुरू झालं. बाईंनी मास्क तोंडाला लावला. आशिष आईच्या छातीकडे बघत होता. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली.

मास्क काढून बाई म्हणाल्या, "भाकरी आणि पिठलं आहे. जेवून जायचं, ठरल्याप्रमाणे."

"इथून पुढं कुठं?"

"श्रीपूरला. ऊसतोडीची पोरं आलीत तिकडं. हंगाम संपायच्या आत पोचायला पाहिजे."

आशिषनं भिंतीवरच्या खिळ्याला लटकणारी किल्ली हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली.

"आई, तू निघालीस म्हटलं की मला धडकी भरते. दर वेळी."

बाईंनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला परत लावली.

"मग चुकीच्या वेळी मोजतोयस तू," त्या म्हणाल्या. "जाताना नाही रे. येताना मोजायचं."

आणि पोरांकडे वळून, "ए, पाय पुसून आत या! आजचा प्रयोग: एक बल्ब, दोन वायरी आणि केराबाईंची मेंढरं."