एक वीट खाली

जुना बुश त्यानं पत्र्याच्या डब्यातून उचलला, उगाचच, हाताला चाळा म्हणून — बांगडीएवढंही नसलेलं ते काळं रबर, मधे लोखंडी नळी — आणि त्यावरून अंगठा फिरवताना त्याला जाणवलं की रबर एका अंगाला पिळवटलेलं आहे, ओला पंचा पिळून तसाच वाळत टाकावा तसं. म्हणजे कुणीतरी, कितीतरी वर्षांपूर्वी, गाडी जॅकवर अधांतरी असतानाच बोल्ट... आणि त्याचा अंगठा तिथंच थांबला. अरे देवा. आज सकाळी मीही तेच केलं.

गाडीखाली उतरून काम करायच्या गॅरेजातल्या खड्ड्यावर व्हॅन उभी होती, मागून अजून उंचच. तिच्या मागच्या दाराशी त्यानं एकीवर एक सहा विटा रचून ठेवल्या होत्या आणि व्हॅनचा तळ त्यांच्यापेक्षा अर्धी वीट वर होता. सहा विटा हे माप त्याचं नव्हतं, ताईचं होतं. व्हॅनमध्ये खुर्चीसकट स्वतः चढता यावं म्हणून महिनाभर गॅरेजमागच्या बोळात लांब फळी टाकून ती आपली चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवत होती; दर चार दिवसांनी फळीच्या टोकाखाली एक वीट वाढवायची. सहापर्यंत चढली. सातव्या विटेला खुर्ची मध्यावर थांबायची, थरथरायची आणि मागे यायची — एकदा, चारदा, दहादा. "माझ्या खांद्यांत सहाच विटा आहेत," घाम पुसत ती म्हणाली होती, "सातवीचं तू बघ. गाड्यांचा डॉक्टर ना तू?"

व्हॅन बरोबर सात विटांची होती.

म्हणून त्यानं गाडीचा भार पेलणारे मागचे कमानपाटे उतरवले, त्यातला एक काढूनच टाकला, उरलेल्यांची कमान पाटेवाल्याकडून ठोकून कमी करून आणली — थंडच ठोकून, कारण तापवलं की पोलादाचा जीव जातो — आणि पाट्यांच्या टोकांत नवे बुश घालून, गाडी हवेत असतानाच, घाईघाईनं सगळे नट कचकचून आवळून टाकले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. गाडी एक वीट खाली यायला हवी होती, आली अर्धी. तेव्हापासून तो पाट्यांच्या नावानं बोटं मोडत होता, आणखी एक पाटा काढायला निघाला होता... आणि चूक पाट्यांची नव्हतीच. मिस्त्री असते तर कानाखाली वाजवली असती. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते मिस्त्री, विडी कानावर ठेवून म्हणायचे, "वजन चाकावर येऊ दे रे गाढवा, मग आवळ. रबराला जिथं आवळशील तेच ते आपलं घर समजतं. मग जन्मभर तिकडंच ओढतं."

तिकडंच ओढतं...

कण्याच्या ऑपरेशनमध्ये ताईचे पाय लुळे पडले, आणि ती घरी आल्यावर आठ दिवसांत त्यानं सगळं करून टाकलं होतं. भिंतीला दांडे, मोठी केलेली दारं, सकाळची बाई, संध्याकाळची बाई, औषधांच्या वेळा, जेवणाच्या वेळा. तीस वर्षं तलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या बाईची शिट्टीसुद्धा त्यानं कपाटात वर ठेवून दिली, तिला दिसून वाईट वाटू नये म्हणून. किती शहाणा मी! तिचं वजन कुठं पडतंय, कुठं पडणार आहे, हे तिला स्वतःला कळायच्या आत मी नट आवळून मोकळा. आणि मग तो दिवस — दोन माणसांनी बगलेत धरून तिला टॅक्सीत घातलं, तिचा एक पाय दाराबाहेर तसाच राहिला, आणि ती ओरडली, "मी काय पोतं आहे?" त्यानंतर दीड वर्षं तिनं घराचं आणि गॅरेजचं आवार सोडलं नव्हतं.

तो खड्ड्यात उतरला. गाडी आता स्वतःच्या चाकांवर होती. पाना लावून त्यानं पहिला नट सैल केला, दुसरा, तिसरा; चौथ्याला वरून एक आवाज आला, कुणीतरी फार वेळ उभं राहून शेवटी खुर्चीत बसावं तसा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत अख्खी गाडी खाली आली. कुणी ढकललं नाही, कुणी ठोकलं नाही. एवढं टनभर लोखंड केवळ आपल्या वजनानं आपल्या जागी गेलं, आणि त्यासाठी मी काय केलं, तर फक्त सोडलं. वर येऊन त्यानं बघितलं. तळ आणि सहावी वीट एका रेषेत होती. त्याला हात लावायची हिंमत होईना.

"बसली का रे?" बोळातून ताईच्या चाकांचा आवाज आला आणि मागोमाग ती.

"बसली. पण नट सैल आहेत. आत भार टाकून मग आवळतो. वाळूची दोन पोती आणतो."

"पोती?" तिनं भुवई उडवली. "मी आहे ना."

"ताई, आजच कशाला—"

"खड्ड्यात जा."

त्यानं चमकून तिच्याकडं बघितलं.

"अरे, त्या खड्ड्यात. गाडीखाली. मागं हात पसरून उभा राहतोस ना, मला चढवत नाही. आणि ऐक, बारक्या. चढले, तर तलावावर जाऊ. नाही चढले, तर हा विषय परत काढायचा नाही. या घरात कुणीच काढायचा नाही."

त्यानं उतरणीची पत्र्याची फळी दाराला अडकवली आणि खाली गेला. खालून ताई दिसत नव्हती. दिसत होता फक्त पाटा, आणि गाडी किती उतरते ते कळावं म्हणून सकाळी पाट्यावर ओढलेली खडूची रेघ. चाकं पत्र्यावर आली. रेघ हलली — केसभर, मग दोन केस — तिचं एकेक ढकलणं पाट्यात उतरत होतं, आणि तो ते वाचत होता. मग पाटा थांबला. थरथरला. आणि रेघ परत वर गेली. चाकं जमिनीवर आल्याचं त्यानं ऐकलं. तिच्या धापाही.

त्याचा हात आपोआप पाट्याखाली गेला, तळवा वर. लहानपणी तलावात तिचा हात असा त्याच्या पोटाखाली असायचा, आणि तो नाकातोंडात पाणी जात असताना ओरडायचा, "ताई, आहेस ना?" "आहे, आहे," ती म्हणायची. नंतर कळलं, हात तिनं केव्हाच काढून घेतलेला असायचा.

पुन्हा पत्रा वाजला. रेघ उतरू लागली. मघाच्या जागी आली, तिथं अडखळली आणि... त्याच्याही खाली गेली. पाटा पसरत होता, बुश आपली जागा शोधत होते, आणि तो डोळे फाडून बघत राहिला. जणू जगात एवढी एकच गोष्ट हलत होती. रेघ थांबली. वर गेली नाही. थांबली फक्त, तिच्या श्वासाबरोबर थरथरत.

"बारक्या," वरून आवाज आला, दमलेला, घाबरलेला, त्यानं कधीच न ऐकलेला. "आहेस ना रे खाली?"

"आहे, आहे," मी म्हणालो, आणि बघितलं तर माझा हात केव्हाच खाली आला होता.