ओठाच्या कोपऱ्यातली खूण

मी एक जुना ब्यूगल बोलतोय. बोलतोय खरा, पण तुम्ही मला विकत घ्यायला तर आला नाहीत ना, ते आधी सांगा. हल्ली कुणी जरा टक लावून पाहिलं, की मला वाटतं, हा भाव करायलाच आलाय.

माझ्यासारखे आता फारसे उरले नाहीत. एक कळ अंगठ्यानं दाबायची, दुसरी बोटानं फिरवायची, बस्स. आवाज भरदार, जरासा घोगरा. पुढे तीन-तीन कळांची पोरं आली आणि माझी भावंडं भंगारात गेली. मी वाचलो तो अर्विन झेलनिकमुळे.

अर्विन न्यू जर्सीतल्या पसेइकचा. चर्चनं काढलेल्या ढोल-ब्यूगलच्या पथकात, इटालियन आणि पोलिश पोरांमध्ये, हा एकटा ज्यू. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, सरावाला आला, की बापाची बोलणी खायचा आणि नाही आला, की रोक्को डिपाल्माची. आता सगळे सत्तरी ओलांडलेले आहेत, पण पथक चालू आहे. रोक्कोच त्याचा म्होरक्या आहे आणि बोलणी खाणंही सुटलेलं नाही.

यंदा मैदानावरच्या कार्यक्रमासाठी रोक्कोनं ज्यू लोकांचं संगीत बसवायला घेतलं. लग्नातली नाचाची गाणी आणि मधोमध अर्विनचा बाप गुणगुणायचा ती बिनशब्दांची धून. तिथं ढोल गप्प, बाकीचे ब्यूगल गप्प. अर्विन एकटा वाजवणार, तेही माझ्यावर. मी हवेत होतो.

उन्हाळा सरत आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अर्विननं माझी पेटी उघडणंच बंद केलं. आतून मला भलताच आवाज ऐकू यायचा, रानटी, फाटका. एकदा त्यानं कळांना तेल घालायला म्हणून मला बाहेर काढलं, तेव्हा टेबलावर दिसलं काय? मेंढ्याचं वाकडं शिंग! शोफार. ज्यूंच्या नववर्षाआधीचा एलुल महिना लागला, की सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, रोज सकाळी फुंकतात ते. तिथं असायचं ते घरात कशाला?

मग मी अर्विनचं तोंड नीट पाहिलं. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात तांबडी खूण होती. माझी खूण मधोमध उमटते, इतकी वर्षं तिथंच उमटत आली. ही माझी नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यातच त्याची बायको ब्लूमा चहा घेऊन आली.

"रोक्कोला सांगितलंस का?"

"सांगेन."

"कधी? मैदानात उभा राहिल्यावर?"

"तू नको तोंड उघडूस हं त्याच्यापुढं."

झालं! ज्यूंची धून, मग शिंगच हवं, हे कुणालाही पटेल. मला डच्चू मिळणार आणि तो द्यायचा कसा, एवढंच यांचं ठरत नव्हतं.

शेवटच्या सरावाला अर्विननं मला नेलं, पण मी हुरळलो नाही. गोदामामागच्या वाहनतळावर सगळी रांग उभी राहिली. रोक्कोनं हात वर केला. सगळे ब्यूगल एका रेषेत, तोंडं समोर. आणि अर्विननं मला उचलून ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावलं. मी रांगेतून बाहेर, उजवीकडे वाकडा.

"थांबा, थांबा!" रोक्को ओरडला. "अर्विन, लोक समोर बसणार आहेत. तुझा ब्यूगल त्या हॉट डॉगच्या गाडीकडे बघतोय. भूक लागली का रे?"

सगळे हसले. अर्विन हसला नाही.

"पुढचे दोन दात गेले, रोक्को. खोटे बसवलेत. मधोमध दाबलं, की हलतात. डॉक्टर म्हणतो, वाजवणं सोडा."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"सिनेगॉगमध्ये शिंग मी नेहमी कोपऱ्यानंच फुंकतो. म्हटलं, त्याला जमतं तर याला का नाही? महिनाभर त्याच्यावर ओठ तयार केला. आता याच्यावरही येईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐकव," रोक्को म्हणाला.

अर्विननं धून वाजवली. वरच्या सुरावर आम्ही एकदा फाटलो, पण सावरलो.

"सूर ठीक आहे. पण रांगेत एकच वाकडा कसा चालेल?" असं म्हणत रोक्को रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. संपलं, मी म्हटलं. आता माझी पेटी कायमची बंद.

"सगळ्यांनी ब्यूगल उजवीकडे वळवा! अर्विनएवढेच!"

"अरे, पण लोक समोर असणार ना!" रांगेतला स्टॅनिस्लाव कुरकुरला.

"मग लोकांना सरकायला सांग."

रविवारी मैदानावर सगळी रांग उजवीकडे वाकडी उभी राहिली. लोकांना ती काहीतरी नवीन करामत वाटली असावी. आमची धून चालू असताना माझं अर्धं लक्ष शेजाऱ्यांकडे होतं. यांतला कुणीतरी हळूच सरळ होणार, अशी माझी खात्रीच होती. कुणीही झालं नाही.

शिंग सिनेगॉगमध्ये परत गेलं. मी झेलनिकांच्या कपाटात आहे, पेटी रोज उघडते. माझा संशय मात्र गेलेला नाही, तो माझ्या पितळातच असावा. म्हणून अर्विन, एवढंच मागतो. तिसरा दात हलायला लागला, तर ब्लूमाच्याही आधी मला सांग.