टेंटर रो कुठे आहे?

विनिफ्रेड हार्बॉटल शाळेतून निवृत्त झाली तेव्हा गावाला वाटलं, बाई आता गुलाब लावतील, नाहीतर मांजर पाळतील. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ती ऑल्डरविकच्या गल्ल्यांची आणि घरांची जुनी नावं शोधत फिरू लागली. नदीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत चढत गेलेलं ते दगडी गाव पूर्वी लोकरीच्या कापडावर पोसलं होतं. आता गिरण्या बंद पडल्या होत्या, पण नावं भिंतींना चिकटून होती. स्लिपर लेनमध्ये कधी कुणी सपाता विकल्या नव्हत्या, तिथल्या उतारावर पावसात माणसं घसरायची म्हणून ते नाव. हंगरी हिल म्हणजे जिथे पेरलेलं उगवत नसे ती टेकडी. ज्यांना सही करता येत नव्हती अशा माणसांनी ही नावं ठेवली आणि ती शेकडो वर्षं टिकली, याचं विनीला मनापासून कौतुक होतं.

तिच्याबरोबर फिरायला पर्सी लंब असे. पर्सी जुना खाटीक. बायको गेल्यावर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं, आणि एकट्याने चालायचा त्याला कंटाळा.

"मास्तरीणबाई, आज कुठली गल्ली उकरायची?" तो दर शनिवारी विचारायचा.

"तू फक्त मागून ये. आणि लोकांच्या खिडकीत डोकावू नकोस."

"डोकावत नाही गं. पडदे बघतो."

त्या शनिवारी दोघं मंडईतल्या चहाच्या दुकानात बसले होते. दुकानवाल्या डोरिसने एका परक्या बाईला त्यांच्या टेबलापाशी आणून उभं केलं. पंचेचाळिशीची, उन्हाने रापलेली, अंगावर इथल्या थंडीला न पुरणारा पातळ कोट.

"यांना गल्लीचं नाव विचारायचंय," डोरिस म्हणाली. "मी म्हटलं, आपल्याकडे त्याचं वेड लागलेली दोन माणसं आहेत."

बाईचं नाव नोरा. ती ऑस्ट्रेलियातून आली होती. खुर्चीच्या टोकावर बसून, बटणाशी चाळा करत तिने सांगितलं ते असं: दुसरं महायुद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षांनी या भागातल्या एका अनाथाश्रमाने तिला इतर मुलांबरोबर बोटीत बसवून तिकडे पाठवलं. ती पाच वर्षांची होती. आई वारली, एवढंच तिला सांगितलं होतं. आडनाव आश्रमाने बदललं, गाव कुणी सांगितलं नाही, म्हणून ती या भागातली गावं एकेक करून विचारत फिरत होती.

"मला घराचं नाव तेवढं आठवतं. पण ते सांगितलं की लोक हसतात."

"आम्ही नाही हसणार," विनी म्हणाली आणि पर्सीकडे डोळे वटारून पाहिलं.

"टेन टू," नोरा म्हणाली. "आश्रमात विचारायचे, तुझं घर कुठे? मी सांगायची, टेन टू. मग बाई घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, वेळ नाही विचारली, घर विचारलं. दहा मिनिटं कमी असलेलं घर कुठे असतं का?"

ती स्वतःच थोडंसं हसली. पर्सी हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"तुम्ही तिकडच्या बोलीत म्हणताय," विनी म्हणाली. "लहानपणी कसं म्हणायचात?"

"ते कसं आठवणार?"

"पर्सी, तू म्हण. तुझी आजी म्हणायची तसं."

पर्सीने मान खाली घातली आणि गावच्या जाड, तोंडातल्या तोंडात विरघळणाऱ्या बोलीत म्हणाला, "टेन्ट."

शेवटी कुठेतरी एक अर्धवट 'अ' होता, असला तर. नोराचा हात बटणावरच थांबला.

"पुन्हा म्हणा."

"टेन्ट'. टेंटर. ओली लोकर ताणून वाळवायच्या लाकडी चौकटी असायच्या ना बाई, त्या."

नोराच्या डोळ्यांत पाणी आलं. विनीला मात्र लगेच आनंद करणं पटेना. चाळीस वर्षं शाळेत काढल्यावर पोराने पहिलं उत्तर बरोबर दिलं तरी पुढचा प्रश्न विचारायची सवय जात नाही.

"नोरा, नीट ऐका. लोकरीच्या प्रत्येक गावात टेंटर आहे. दहा गावांत सापडेल. आणखी काही आठवतं? काहीही."

"सिंह," नोरा म्हणाली. "भिंतीत दगडाचा सिंह होता. तोंडातून पाणी यायचं. मी त्याच्यासमोर पायरीवर बसायची."

विनीने गावातली एकेक भिंत मनात फिरून पाहिली. सिंह कुठेच नव्हता. तिचा चेहरा पडला, पण पर्सी कपाळ खाजवत म्हणाला, "सिंह नाही, पण मेंढा आहे की. कॉरोनेशन टेरेस गल्लीच्या तोंडाशी. शिंगं झिजून गेलीत त्याची."

"मेंढ्याला सिंह कोण म्हणेल?"

"मी खाटीक. मी नाही म्हणणार. पोर म्हणेलही."

कॉरोनेशन टेरेस टेकडीच्या वरच्या अंगाला होती. नव्या राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी नगरपालिकेने उत्साहाच्या भरात बऱ्याच गल्ल्यांची नावं बदलली, त्यातलीच ही एक. आधीचं नाव टेंटर रो, हे विनीला ठाऊक होतं. ते तिनेच ग्रंथालयातल्या जुन्या नकाशावरून पर्सीला दाखवलं होतं. पण ते सांगून नोराची आशा उगाच वाढवायला नको, म्हणून चढण चढताना ती गप्प राहिली. पर्सी धापा टाकत हवामानाबद्दल बोलत होता.

गल्लीच्या तोंडाशी भिंतीतून दगडी मुंडकं पुढे आलं होतं. नळ कधीचा कोरडा पडला होता. नोरा समोर उभी राहिली, तिने बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"नाही. हा मेंढाच आहे. माफ करा, तुम्हाला एवढं चढायला लावलं."

"बसा की जरा," पर्सी म्हणाला. त्यालाच बसायचं होतं.

समोर पायरी होती. नोरा बसली, तिने मान वर करून पाहिलं, आणि तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. विनीही तिच्याशेजारी वाकली. खालून बघितलं तर मोडक्या शिंगांचे वळसे गालांच्या दोन्ही बाजूंना आयाळीसारखे दिसत होते आणि झिजलेलं नाक रुंद झालं होतं. सिंहच तो. चार वर्षांच्या पोराला दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं.

नोरा उठली आणि कुणाला काही न विचारता गल्लीत चालू लागली. शेवटच्या घरापाशी थांबली. दारावर निळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: टेंटर.

ती फळी विनीने शंभरदा पाहिली होती. जुन्या नावांची हौस असलेल्या कुणा नव्या बिऱ्हाडाचं फॅड, असं समजून ती दर वेळी नाक मुरडून पुढे गेली होती. कधी दार वाजवून विचारलं नव्हतं.

शेजारचं दार उघडलं. आतून एक ठेंगणी, ताठ म्हातारी बाहेर आली. एडी क्रॅबट्री. गल्लीत तिच्याएवढं जुनं कुणी उरलं नव्हतं.

"घर विकायचं नाहीये," ती म्हणाली. "आणि त्या घरातल्यांचं बाळ आत्ताच झोपलंय. काय ते हळू बोला."

विनीने हळूच सांगितलं. एडीने ऐकलं, पण तिचा चेहरा हलला नाही. ती नोराकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"इथे पूर्वीही एक आली होती," ती म्हणाली. "वर्तमानपत्रवाली. गोड बोलून सगळं काढून घेतलं. तेव्हा मला सांग, तुझ्या आईच्या मांजरीचं नाव काय होतं?"

नोरा गोंधळली. "मांजर? मांजर नव्हती हो. कोंबडी होती. घरात. टेबलाखाली राहायची. तिला... तिला एकच डोळा होता."

एडीने दाराची चौकट धरली.

"कॅप्टन," ती म्हणाली. "कॅप्टन म्हणायचो आम्ही तिला. अगं पोरी. अगं, तू आयव्हीची नोरा."

मग तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं, किटली ठेवली आणि ती उकळायच्या आतच सांगायला सुरुवात केली. नोराचा बाप लढाईत गेला. आई, आयव्ही सग्डन, गिरणीत होती. तिला क्षय झाला. आरोग्यधामात जाताना, बरी होईपर्यंत म्हणून तिने पोरीला आश्रमात ठेवलं. दीड-दोन वर्षांनी ती बरी होऊन थेट आश्रमाच्या दाराशी गेली, तर पोर समुद्रापार गेलेली. कुठे, कुणाकडे, कोणत्या नावाने, काही सांगेनात. चांगलं झालंय तिचं, आता तिला त्रास देऊ नका, म्हणाले.

"मला सांगितलं, ती मेली," नोरा म्हणाली.

"मेली? तीस वर्षं जगली ती त्यानंतर. इथेच. भिंतीपलीकडे."

एडीने नाक पुसलं.

"तिला बहिणीने ब्रॅडफर्डला बोलावलं, नाही गेली. एका चांगल्या माणसाने लग्नाचं विचारलं, स्वतःचं घर होतं त्याचं. ती म्हणाली, तू इथे राहायला ये. तो आला नाही. मग राज्याभिषेकाच्या वर्षी नगरपालिकेचा माणूस नवी पाटी घेऊन आला. आयव्ही शिडीखाली उभी. म्हणते, उतर. तो म्हणतो, अहो बाई, आता हे कॉरोनेशन टेरेस. राणीच्या मानासाठी आहे. तर म्हणते कशी, 'राणीला घर सापडेल रे. माझ्या पोरीला टेंटर एवढंच ठाऊक आहे. मी दुसरा शब्द शिकवलाच नाही तिला.'"

पर्सीने खिशातला रुमाल शोधायला सुरुवात केली.

"पाटी बसलीच. मग तिने रंगाचा डबा आणला आणि स्वतःच्या दारावर फळी ठोकून तिच्यावर लिहिलं. पावसाने उडायचं, दर वसंतात पुन्हा लिहायची. पोस्टमन चिडायचा. पोरं वेडी म्हणायची. मीसुद्धा एकदा म्हटलं, आयव्ही, सोड आता. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी."

"मग आत्ता कोण लिहितं?" विनीने विचारलं.

"तिच्यानंतर मी. आता हात थरथरतो, म्हणून त्या बाळाच्या बापाला लिहायला लावते. तो म्हणाला, आजी, पोस्टाची भानगड होते. मी म्हटलं, घर घेतलंस ना, मग नावही घेतलंस."

नोराने दोन्ही हातांनी कप धरला होता आणि चहा पिणं विसरली होती. ती म्हणाली, "मला वाटायचं, मी नकोशी होते."

"मूर्ख," एडी म्हणाली आणि तिने नोराचं डोकं आपल्या पोटाशी ओढून घेतलं.

विनी आणि पर्सी निघाले तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. उतरताना पर्सी पडदे सोडून दारांवरच्या पाट्या वाचत चालला होता. विनी मात्र आयव्हीचा विचार करत होती. आजवर तिने ज्यांचं कौतुक केलं ती माणसं नाव ठेवून मोकळी झाली होती, त्यांच्यामागे ती नावं आपसूक चालत आली. इथे एका बाईने हातात कुंचला घेऊन, गल्ली हसत असताना, एक नाव सरकारच्या पाटीसमोर उभं ठेवलं होतं. तेही कुणी येईल याची काडीची खात्री नसताना.

नोरा चार दिवसांसाठी आली होती, ती महिनाभर राहिली, एडीच्या वरच्या खोलीत. दोघी रोज चर्चमागच्या दफनभूमीत जायच्या आणि येताना भांडत यायच्या, कारण एडी तिला टोपी घाल म्हणून मागे लागे. पुढच्या वर्षी नोराची मुलगी आली. ती आजीसारखीच लांब पावलं टाकते, असं एडी ज्याला त्याला सांगत सुटली.

विनीने नगरपालिकेकडे जुनं नाव परत मागितलं. टपालाची अडचण सांगून त्यांनी ते नाकारलं. तिने पुन्हा अर्ज केला, मग पुन्हा, आणि शेवटी त्यांनी कंटाळून पाटीखाली बारीक अक्षरांत 'पूर्वीचे टेंटर रो' असं लिहायला परवानगी दिली.

पाटी लागली त्या दिवशी एडी दारात खुर्ची टाकून बसली होती.

"अक्षर फार बारीक आहे," ती म्हणाली.

"अहो एडीबाई, एवढं मिळवायला माझी दोन वर्षं गेली," विनी म्हणाली.

"ते खरं गं. बस, चहा टाकते. पर्सीला म्हणावं, पाय पुसून आत ये."