पळीच्या पाठीवर

पळीच्या पाठीवर आपला चेहरा स्वच्छ उमटेपर्यंत हिरा खिडकीपाशी इंच इंच सरकत राहिली. लाल साडी, नाकातली चमकी, छातीशी धरलेला कॅमेरा. सगळं तांदळाच्या दाण्याएवढं, पण स्पष्ट. मग तिने श्वास रोखला आणि बटण दाबलं.

गेल्या वर्षी हेच तिने कटाक्षाने टाळलं होतं. चकचकीत वस्तूचा जवळून फोटो घ्यायचा तर घेणाराच त्यात उमटतो. म्हणून तिने पांढऱ्या चादरीला भोक पाडलं, त्यातून कॅमेऱ्याचं तोंड बाहेर काढलं आणि चादरीमागे घामाघूम होत चमचे, खवणीचे दात, कोकमाच्या सोलांवरचं मीठ टिपलं. फोटो काढेपर्यंत पाण्याचा थेंब घसरतो, खोबरेल तेलाचा टिकून राहतो, हेही तिचं तिनेच शोधलं. तिचा नवरा गुरुदास, मालवणात त्याचा फोटो स्टुडिओ. गावातल्या पतसंस्थेचं २००६चं कॅलेंडर त्याच फोटोंचं निघालं. खाली छापलं होतं, ‘छायाचित्रे : गुरुदास तांडेल’.

"माजा नाव खंय?" तिने विचारलं.

गुरुदास हसला. "कॅमेरो माजो, दुकान माजा. मगे फोटो कोणाचो गो?"

एवढं तिने गिळलंही असतं. पण प्रकाशनाच्या दिवशी तो माइकवरून म्हणाला, "आमच्या मंडळींनी चादर धरली, बरं का! तेवढी मदत झाली." सभागृह खदखदून हसलं. मासळी विकून हिराला वाढवणारी तिची आई काशीबाई पुढच्याच रांगेत होती. जावयाच्या कौतुकाने तीही हसली. ते हसू हिराच्या घशात काट्यासारखं अडकलं, आणि वर्षभर तिने तो काटा निघू दिला नाही.

या वर्षी चादर तिने कपाटात घडी घालून ठेवली. ज्यात माणूस दिसतो अशाच वस्तू निवडल्या: कुकरचं झाकण, स्टोव्हची पितळी टाकी, लोणच्यावरचं तेल. दर वेळी तीच लाल साडी.

गुरुदासने कॉम्प्युटरवर भराभर फोटो पाहिले. हिरा दाराशी उभी होती.

"बरे इलेत," तो म्हणाला आणि बारा निवडले. इतकंच नव्हे, नव्या कॅलेंडरच्या प्रकाशनाला हौसेने त्याने ते बाराही दाराएवढे मोठे करून सभागृहात लावले.

प्रमुख पाहुण्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका नर्मदाबाई. चष्मा सावरत त्या एकेका फोटोपुढे थांबल्या. चौथ्यापाशी वाकल्या, मग मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून बघत आल्या.

"गुरुदास, ही लाल साडीतली बाई कोण हो? सगळ्या फोटोंत आहे."

गुरुदास पुढे झाला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "आमची... मंडळी."

"तिच्या हातात कॅमेरा दिसतोय. मग तुम्ही कुठे होतात?"

मागून कोणीतरी ओरडलं, "चादर धरून!" आणि सभागृह पुन्हा हसलं. तिसऱ्या रांगेतल्या हिराने मान खाली घातली नाही. हसणारं एकेक तोंड तिने सावकाश पाहून घेतलं.

घरी पोचताच गुरुदास उंबऱ्यातच फुटला. "सगळ्या गावात माजी लाज काढलंस! घरात सांगूक काय झालेला तुका?"

"सांगलंय गेल्या वर्सा. तुमी हसलात."

या वर्षीचीही कॅलेंडरं गुरुदासच्याच नावाने छापून झाली होती. पतसंस्थेने ‘छायाचित्रे : हिरा तांडेल’ अशा हजार चिठ्ठ्या छापून स्टुडिओत पाठवल्या, त्या चिकटवूनच कॅलेंडरं वाटायची. लावणार कोण, हे हिराने विचारलं नाही आणि गुरुदासनेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो खळीची वाटी घेऊन खाली बसला. ती खुर्चीवर बसून बघत राहिली.

दुपारी ती पहिल्यांदा बोलली. "ही वाकडी लागली. काडा आनि सरळ लावा."

गुरुदासने नखाने चिठ्ठी सोलली. ओल्या कागदाबरोबर खालचं त्याचं नावही सुटून आलं. बोटाला चिकटलेला तो कपटा त्याने लेंग्याला पुसला आणि नवीन चिठ्ठीला खळ लावली.

हिराने पुढचं कॅलेंडर त्याच्याकडे सरकवलं.