थोडासा खोकला

उत्तर ध्रुवाजवळच्या त्या लहानशा गावातल्या दवाखान्यात पिट्सिउलाची चार दिवसांतली ही तिसरी खेप. अंगरख्याच्या पाठीवरच्या झोळीत तिचं तीन महिन्यांचं बाळ कण्हत होतं. बाळाला तिच्या वारलेल्या वडिलांचं नाव ठेवलं होतं, अकेसुक. म्हणून ती त्याला बाबाच म्हणायची.

दुभाष्याच्या टेबलाशी तिची नणंद इलिसापी बसली होती. त्यांच्यात नावं मुलगा-मुलगी बघून ठेवत नसत; तरी बाळाला आपल्या वारलेल्या आईचं नाव दिलं नाही म्हणून तिने भावजयीशी कायमचं वैर धरलं होतं.

"आलीस पुन्हा? घरात करमत नाही वाटतं."

"ताई, बाबा कालपासून पीत नाहीत. श्वास घेताना बरगड्या आत जातात. नर्सला सांगा."

इलिसापी नर्सकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "थोडासा खोकला आहे. पहिलटकरीण आहे, उगाच घाबरते."

बाहेर खोकणाऱ्या पोरांची रांग होती. दक्षिणेतून आलेल्या डोरीन नर्सने झोळीत नुसतं डोकावल्यासारखं केलं. "साथच आहे. एका घरात अकरा माणसं, वर सिगारेटी. दुसरं काय होणार? तापाचं औषध द्या नि घरी जा."

पिट्सिउलाचं इंग्रजी बेताचं, पण 'थोडासा खोकला' तिला कळला. आधीच्या दोन्ही खेपांना तिने हेच ऐकलं होतं आणि नणंदेच्या तोंडी कोण लागणार म्हणून गप्प राहिली होती. आज तिने बाळाला काढलं आणि इलिसापीच्या कागदांवरच उघडं करून ठेवलं.

"अगं ए, कागद! पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांना तरी डोळे असतील." मग ती नर्सकडे वळली आणि मोडक्या इंग्रजीत ओरडली, "ही खोटं! दूध नाही! बघ!"

डोरीनने पाहिलं. नाकपुड्या फुलत होत्या, ओठांभोवती निळसर झाक होती. ती ऑक्सिजन आणायला धावली. शहरात नेणारं विमान यायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात पिट्सिउलाने इलिसापीला बाळाजवळ फिरकू दिलं नाही.

शहरातल्या इस्पितळात अकेसुक अकरा दिवस नळ्यांवर होता. वाचला. पण निघताना हातात आलेल्या कागदांत डोरीनने पाठवलेली नोंद नवऱ्याने वाचली, 'आईने मुलाला उशिरा आणलं.'

गावात उतरल्यावर ती घरी न जाता तडक दवाखान्यात गेली.

"लिहिलेलं खोडता येत नाही," डोरीन म्हणाली.

"मग खाली लिही. तीनदा आणलं. दोनदा हाकलून दिलं." पिट्सिउला नणंदेकडे वळली. "सांग नर्सला. एक शब्द गाळलास तर नवरा उभा आहे, त्याला इंग्रजी येतं."

इलिसापीने दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. तो नजर हटवेना. तिने एकेक शब्द सांगितला, स्वतः काय बोलली तेही. डोरीनचा चेहरा लाल झाला. ती खाली बसून लिहू लागली.

"झालं समाधान?" इलिसापी फिसकारली.

"नाही," पिट्सिउला म्हणाली, आणि लिहून होईपर्यंत तिथून हलली नाही.